हातउसन्यांची थोरवी

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात त्यांनी मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. जिल्ह्यानं ही दोन्ही टोकं निष्ठेनं सांभाळली आहेत. मित्राला कागद न करता हातउसने देणारा माणूस पहिल्या समासात बसतो. ते वसूल करायला कोर्टात गेला की थेट दहाव्यात.

देण्याची रीत मोठी देखणी. दीड लाख रुपये, कापडदुकानाच्या पिशवीत, वर जुना पेपर. मित्र म्हणतो, "मोजायचं काय त्यात, तू दिलेत ना!" चेकनं द्यावेत, स्टॅम्पवर लिहून घ्यावं, असले विचार व्यापाऱ्याला सुचतात. 20,000 किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीत उसनी घेणाऱ्याला प्राप्तिकर कायदा तेवढ्याच रकमेचा दंड लावू शकतो. म्हणजे पैशांसोबत दंडाची सोयही आपणच करून दिली. इतकं सख्खा भाऊ करत नाही.

मग वायदे. "कापूस विकला की देतो." कापूस विकला जातो. "मोसंबीचा व्यापारी येऊ दे." व्यापारी येतो, बाग बघतो, जातो. मग उसाचं बिल, पीकविमा आणि पोरीचं लग्न. हे शेवटचं कारण परत न देण्यालाही चालतं, आणखी मागण्यालाही. आपण विषय काढणार तेवढ्यात तो चहाचे पैसे देऊन मोकळा होतो. चहा पाजणाऱ्याला तोंडावर काय बोलणार?

1963 चा मुदतीचा कायदा मात्र चहा घेत नाही. परतीची तारीख ठरली नसेल, तर पैसे दिल्यापासून तीन वर्षांत दावा टाकायचा. मित्रानं मुदतीच्या आत सही करून देणं कबूल केलं, तर मुदत तिथून नव्यानं धरतात. पण सही मागणं म्हणजे मैत्रीवर संशय. म्हणून आपण ती मागत नाही.

मुदत संपत आली की वकील गाठायचा. मुंबई-पुण्याला लघुवाद न्यायालयं आहेत. आपला दावा जालन्यात, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यापुढे. वचनचिठ्ठी असती, तर दिवाणी संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावा चालला असता आणि बचावासाठीही मित्राला कोर्टाची परवानगी मागावी लागली असती. चेक परत आला असता, तर 138 कलम होतंच. वकील विचारतात, पुरावा काय? पुरावा पिशवी. तीही त्याच्याकडे.

नोटिशीचं उत्तर मात्र वाचण्यासारखं येतं. सदर रक्कम आपल्या पक्षकाराने कधीही दिलेली नाही. दिली असल्यास ती परत केलेली आहे. शिवाय आपले पक्षकार विनापरवाना सावकारी करतात. 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याकडे अर्जही पडतो. मित्राला एकदाच बिनव्याजी दिलेली रक्कम म्हणजे सावकारी नव्हे, हे आपण सहायक निबंधकांच्या कार्यालयात फाईल घेऊन सांगत बसतो. जन्मात रुपयाचं व्याज न घेता सावकार म्हणवून घेण्याचा मान कितीजणांना मिळतो?

समजा, हुकूमनामा झाला. मग दरखास्त. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल जप्त होत नाहीत, असं दिवाणी संहितेचं कलम 60 सांगतं, आणि ते योग्यच आहे. राहिली दारातली नवी गाडी. ती वहिनींच्या नावावर.

शेवटी लोकअदालत. कोर्ट फी परत, अपील नाही, आणि समोर बसलेला मित्र "तुझ्यासाठी काय पण" म्हणत निम्म्यावर तडजोड करतो, तीही हप्त्यांनी. पहिला हप्ता जागेवरच भरतो. ते पैसे त्यानं आपल्याच मेहुण्याकडून हातउसने आणलेत, हे आपल्याला दिवाळीत कळतं. मेहुण्यानंही कागद केलेला नसतो.