पारखी बापूकाका

सेकंडहँड गाडी बघायला जाताना बापूकाकांना सोबत न्यायचं, असा आमच्या ठाण्याच्या सोसायटीतला रिवाज आहे. आजवर त्यांनी तपासलेली एकही गाडी कोणी घेतलेली नाही. त्यामुळे कोणी फसलेलंही नाही. काकांची सगळी कीर्ती या निकालावर उभी आहे.

खिशात लोहचुंबक, टॉर्च आणि जुन्या बनियनचं फडकं. गॅरेजात शिरले की मालकाला नमस्कार करण्याआधी जमिनीवर ऑइलचे डाग शोधतात. मग चुंबक पत्र्यावरून फिरतो. चिकटला नाही तिथे पुट्टी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतात. टोकाला चिखल निघाला तर गाडी पुरात बुडालेली. टायरवरचे चार आकडे वाचून त्याची जन्मपत्रिका मांडतात: २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सायलेन्सरमधून निळा धूर आला की मालकाकडे बघून नुसतं म्हणतात, "ऑइल पितेय."

परवा मंदारने त्यांना दोन गाड्यांपुढे उभं केलं. एक १९८८ची प्रीमियर पद्मिनी, दुसरी २०१४ची पेट्रोल स्विफ्ट. पद्मिनी मंदारच्या हौसेची, स्विफ्ट त्याच्या बायकोच्या सोयीची. दोन्ही मालक हजर होते. भाव पाडायची काकांची रीत एकच: जुन्या गाडीला नवं माप लावायचं, नव्या गाडीला जुनं.

"हिचं स्टिअरिंग फिरवायला तालमीत जावं लागेल," काका पद्मिनीच्या मालकाला म्हणाले. "ती स्विफ्ट बघा, करंगळीने वळते. किल्ली फिरवली की सुरू. चोक ओढा, वाट बघा, भानगड नाही. तुमची ही घाटात तापली की पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळून कठड्यावर बसायचं. वर दर पाच वर्षांनी आरटीओत उभी करा, ग्रीन टॅक्स भरा. स्विफ्ट म्हणजे, साहेब, निर्धास्त झोप."

स्विफ्टचा मालक फुलला. काका लगेच त्याच्याकडे वळले.

"बॉनेट उघडलं तर हे प्लास्टिकचं झाकण. हात घालायचा कुठे? डॅशबोर्डवर दिवा लागला की स्कॅनरवाल्याला शोधा. पद्मिनी बंद पडली तर पक्कड, तार आणि धक्का मारायला दोन माणसं, बस्स! पुढे सलग सीट, गिअर स्टिअरिंगजवळ, तिघं ऐसपैस. कुर्ल्याच्या कारखान्यातला पत्रा तो! मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर ठेवली, ती काय उगाच?"

पद्मिनीच्या मालकाने हळूच बॉनेटवरून हात फिरवला.

तासाभराने मंदारने भाव विचारला. पद्मिनीवाला म्हणाला, "वीस हजार वाढवून द्या. आम्हाला आमच्या गाडीची किंमतच कळली नव्हती." स्विफ्टवाला म्हणाला, "नाही हो, विकायचीच नाही आता. एवढी निर्धास्त गाडी सोडून मी दुसरी कुठली घेऊ?"

मंदार रिक्षा शोधायला निघाला. काका चुंबक खिशात टाकत म्हणाले, "बघ, वाचलास!"

मागून पद्मिनीवाला धावत आला आणि त्याने काकांचा मोबाइल नंबर मागितला.

"माझ्या मेव्हण्याला त्याची इंडिका विकायचीये," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आलं की तुम्ही फक्त शेजारच्या गाडीला नावं ठेवायला या."