गोधडी चालू आहे

रेंगाळलेल्या कामाला मराठीत भिजत घोंगडे म्हणतात. घोंगड्यावर हा अन्याय आहे. घोंगडे भिजले तरी दोन उन्हांत वाळते. खरी रेंगाळते ती गोधडी. ती जिच्या घरात वर्षानुवर्षे ‘चालू आहे’ अशा गृहिणीचा एक स्वतंत्र वर्ग पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानी पट्ट्यात आढळतो. या वर्गाला येथे सोयीसाठी ‘काकू’ म्हटले आहे.

काकूंचे वय पंचेचाळीस ते सत्तर. माहेर माण-खटाव, बीड, लातूर किंवा जळगावकडचे. सासर कागदोपत्री गावी आणि प्रत्यक्षात यमुनानगर, भोसरी, थेरगाव नाहीतर चाकणजवळच्या एखाद्या सोसायटीत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ नंतर एमआयडीसीचे भूखंड पडले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि या सगळ्या काळात गावोगावची माणसे एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक वळकटी घेऊन इथे उतरत राहिली. वळकटीत गोधडी होती. त्यामुळे एकाच जिन्यावर तिची दोन-तीन नावे ऐकू येतात. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या काकू तिला वाकळ म्हणतात, बाकीच्या गोधडी, आणि सीमेपलीकडून आलेल्या कौदी. नावावरून वाद होतो, पण तो फार चालत नाही. ‘ब्लँकेटला काही अर्थ नाही’ या मुद्द्यावर तिघींचे एकमत असते.

गोधडीची सुरुवात गाठोड्यापासून होते. काकूंच्या घरात कापड टाकून देत नाहीत. त्याची बदली होते. विटलेला टॉवेल फडके होतो, फडके पायपुसणे होते, आणि पायपुसण्याची दशा झाली की ते स्कूटर पुसायला पार्किंगमध्ये जाते. या उतरंडीतून मुख्यतः मऊ सुती कापड वाचते आणि गाठोड्यात शिरते. अनेक धुण्यांनी मऊ पडलेले सुती लुगडे हे त्यातले अव्वल. नवे कापड काकूंना चालत नाही. ते अंगाला चावते, असे त्या सांगतात.

या कच्च्या मालावर दुसरा हक्क सांगणारी व्यक्ती म्हणजे बोहारीण. दुपारी दीडच्या सुमारास ती खालून हाक देते. एका स्टीलच्या पातेल्यासाठी तिला चार साड्या आणि वर एक पॅन्ट हवी असते. काकू वर जाऊन सिंथेटिक साड्या काढून आणतात. बोहारीण साडी उघडतही नाही, नुसती दोन बोटांत चुरगाळून बाजूला ठेवते आणि विचारते, “ताई, सुती नाही का?” सुती आहे, गाठोड्यात आहे, आणि ती मिळणार नाही हे दोघींनाही ठाऊक असते. तरी अर्धा तास घासाघीस होते. शेवटी पातेल्याऐवजी चहाचे गाळणे घरात येते.

गाठोडे वरून खाली उपसले तर त्यात या पट्ट्याचा सगळा इतिहास थराथराने सापडतो. तळाशी सासूबाईंची नऊवारी. त्यावर टेरिकॉटचा काळ: हे कापड फाटत नाही, घाम शोषत नाही आणि टाकूनही देववत नाही. मग काकांचे युनिफॉर्म, बटणे काढलेले. इथे तज्ज्ञांना कालनिश्चिती करता येते. खिशावर ‘टेल्को’ ही अक्षरे असली तर तो शर्ट जुना, कारण २००३ साली कंपनीचे नाव टाटा मोटर्स झाले. वरच्या थरात मुलाचे चाकणमधले टी-शर्ट. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो आणि त्या आठवड्यात कारखान्यांतून टी-शर्टांचे वाटप होते. होजिअरीचे कापड गोधडीला वाईट. टाका घालताना ताणले जाते आणि नंतर आक्रसते. तरी काकू ते घेतात. म्हणून या पट्ट्यातल्या कित्येक तान्ह्या बाळांच्या पाठीखाली ‘सुरक्षा प्रथम’ लिहिलेले असते.

माल जमला की गोधडी घालायची. गोधडी घालणे म्हणजे शिवणे नव्हे. अस्तर जमिनीवर ताणून अंथरायचे, त्यावर कापडाचे थर लावायचे, वर रंगीत तुकडे जुळवायचे, काठाच्या पट्ट्या चारी बाजूंना फिरवायच्या आणि लांब कच्च्या टाक्यांनी सगळे टाचून घ्यायचे. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापून दोन्ही भाग बाजूबाजूला जोडले की दोन माणसांच्या गोधडीचा एक थर होतो. असे तीन-चार थर लागतात. थर नीट ताणले नाहीत तर शिवताना झोळ सरकत सरकत मध्यभागी येतो आणि तिथे कायमचा मुक्काम ठोकतो. गावाकडे हे काम ओसरीवर किंवा देवळाच्या मंडपात होई. चार बाजूंना चार बायका बसत, कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन शिवत आत सरकत. मधोमध पोचेपर्यंत गावातली लग्ने, भांडणे आणि पुढच्या वर्षीचा पाऊस एवढे सगळे शिवून होई.

वन बीएचकेत ओसरी नसते. हॉलमध्ये सोफा असतो, सोफ्यापुढे टीपॉय आणि टीपॉयखाली चपलांची जादा जोडी. पाच बाय सात फूट मोकळी फरशी मिळवायला टीपॉय गॅलरीत, सोफा भिंतीला आणि काका खाली पार्किंगमध्ये न्यावे लागतात. सोसायटीची गच्ची मोठी आहे, पण तिची किल्ली सेक्रेटरीकडे. गच्चीवर गोधडी घालू द्यावी का, हा विषय एका वार्षिक सभेत निघाला होता म्हणतात. त्यावरून पापडांचा विषय निघाला आणि पापडांवरून सभा तहकूब झाली.

वारांचीही अडचण आहे. या भागातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. शाळांना रविवारी. हिंजवडीत नोकरी करणारी सून शनिवार आणि रविवार घरी. म्हणजे फरशीवर कोणी ना कोणी आडवे नाही असे वार चार उरतात. त्यात नोव्हेंबर २०१९ पासून शहरात पाणी दिवसाआड. पाण्याच्या दिवशी गोधडी हातात घेणे शक्य नाही. हिशेब केला तर आठवड्यातून दोन दुपारी मिळतात. त्यांपैकी एका दुपारी भिशी असते.

काकूंच्या गोधडीचे बाहेरचे निरीक्षक म्हणजे काका. एखाद्या व्हेंडर कंपनीत तीस वर्षे काढून ते निवृत्त झालेले असतात आणि कैझन, फाइव्ह एस, जस्ट इन टाइम हे शब्द त्यांनी घरी आणलेले असतात. फाइव्ह एस या जपानी पद्धतीतली पहिली पायरी म्हणजे गरजेचे आणि बिनगरजेचे वेगळे करणे. बिनगरजेच्या वस्तूला लाल टॅग लावतात आणि मुदतीत कोणी ती मागितली नाही तर हलवतात. काकांनी एका गुरुवारी गाठोड्याला लाल टॅग लावला. काकूंनी तो उलटा करून त्यावर दुधाचा हिशेब लिहिला. महिनाअखेरीस दूधवाल्याने त्याच टॅगवरून पैसे नेले.

त्यानंतर काकांनी जुन्या कालनिर्णयच्या पाठीवर गणित मांडले. गोधडी पाच बाय सात फूट. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर. म्हणजे शिवणीची एकूण लांबी साधारण १६० मीटर. इंचाला तीन टाके धरले तर सुमारे १९ हजार टाके. सुईवर एकदम तीन-चार टाके भरता येतात, तेव्हा मिनिटाला वीस टाके सहज. १९ हजार भागिले २० म्हणजे साडेनऊशे मिनिटे, म्हणजे सोळा तास. काका कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“सोळा तास. दोन शिफ्टचं काम आहे हे. अकरा वर्षं झाली. एवढा डब्ल्यूआयपी, म्हणजे अर्धवट माल, आमच्या कंपनीत कधी ठेवला नाही.”

“म्हणूनच तुमची कंपनी बंद पडली,” काकू म्हणाल्या. “गोधडी चालू आहे.”

गणित चुकलेले नव्हते. त्यात सुई ओवण्याचा वेळ धरलेला नव्हता, एवढेच. चाळिशीनंतर गोधडीचे खरे अडते ते इथे. दोरा जाड, नेढे लहान, खिडकीतला उजेड समोरच्या नव्या टॉवरने अडवलेला. काकू दोऱ्याचे टोक ओठांत ओले करतात, सुई उजेडाकडे धरतात, चष्मा वर करतात, खाली करतात, दोरा नेढ्याशेजारून जातो आणि गेला असे समजून त्या तो ओढतात. असे चार वेळा झाले की भाजी आठवते. लांब दोरा घेतला तर सुई कमी वेळा ओवावी लागते, पण लांब दोऱ्याला गाठी पडतात. गाठ सोडवताना तोंडून जे शब्द जातात ते लुगडेवाल्या सासूबाईंचे असतात.

अडथळ्यांचा दुसरा प्रकार काकूंनी स्वतः निर्माण केलेला असतो. गोधडी मधोमध मिटत आली की त्यांना हटकून आठवते की धाकट्या जावेची निळी इरकल यात यायला हवी होती. मग एक कड उसवतात. माहेरी गेल्या की आईचे पातळ घेऊन येतात. त्यासाठी दुसरी कड. अर्धवट गोधडीत अजून कोणालाही जागा असते. पुरी झाली की दार लागले. काकू हे बोलून दाखवत नाहीत. विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले आहे: “झालीच की. एक बाजू राहिलीय.” ही बाजू दर वर्षी वेगळी असते.

हा आजार केवळ पिंपरीतला नाही. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली; आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबे ज्या पिंपरी कॅम्पात वसली, त्याच कॅम्पातल्या दुकानांत काकू आज अस्तराचे कापड मीटरवर घेतात. अमेरिकेत तुकडे जोडून रजया करणाऱ्या बायकांनी अपुऱ्या कामाला ‘यूएफओ’ असे नावच दिले आहे, म्हणजे अनफिनिश्ड ऑब्जेक्ट. उडत्या तबकडीचेही हेच नाव. काकूंची गोधडी उडत नाही, पण बाकी लक्षणे जुळतात. ती क्वचित दिसते, अंधुक उजेडात दिसते, आणि पाहणाऱ्या दोघांची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत.

गोधडी पुरी होण्याची नोंद मात्र आहे. त्याला डिलिव्हरीची तारीख लागते आणि ती डॉक्टरकडून यावी लागते. मुलीला किंवा सुनेला सातवा महिना लागला की मोठी गोधडी बाजूला पडते आणि बाळाचे दुपटे आठ दिवसांत तयार होते: चारही कडा सरळ, कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळे, झोळ नाही. याच बाईने अकरा वर्षे घेतली यावर काकांचा विश्वास बसत नाही. त्यांनी याला ‘कस्टमर पुल’ असे नाव दिले आहे.

मधल्या काळात सुनेने एक उपाय सुचवून पाहिलेला असतो. ‘येथे गोधडी शिवून मिळेल’ अशा पाट्या आता या भागात जागोजागी आहेत. साड्या नेऊन द्यायच्या, मशीनवर शिवून काही दिवसांत गोधडी परत. काकू एकदा बघायला गेल्या. त्यांनी नमुन्याची गोधडी उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “छान आहे. पत्र्यासारखी बसते अंगावर.” मशीनचा टाका घट्ट आणि सलग असतो, थर एकमेकांवर हलत नाहीत, हाताच्या सैल टाक्यात ते हलतात, मध्ये हवा राहते, आणि प्रत्येक धुण्याबरोबर गोधडी जास्त मऊ होते. तेव्हा काकूंचे मत हट्टाचे असले तरी बरोबर आहे. सुनेने गाठोडे परत आणले.

धुण्याची बाब वेगळीच. नवरात्रात घट बसण्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुण्याचा रिवाज. पूर्वी त्या इंद्रायणीवर किंवा पवनेवर जात. आता त्या वॉशिंग मशीनमध्ये कोंबल्या जातात, पाणी पितात, आणि मशीन दोन फेऱ्यांत थरथरत बाथरूमच्या दारापर्यंत चालत येते. अपुरी गोधडी धुवावी लागत नाही, हा तिचा एक फायदा काकूंनी नोंदवून ठेवला आहे.

अशी गोधडी ज्या घरात चालू आहे तिथे ‘कुठवर आली?’ असे विचारू नये. उत्तर वर दिलेलेच मिळते. त्याऐवजी जाताना आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवाव्यात. दोरा हातभर घ्यावा, त्याहून लांब नको.