पाचव्या क्विंटलला उणे

लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. चार क्विंटलचे ३२,४४०, पाच क्विंटलचे ४०,५५०. कास्तकाराच्या घरात हा हिशेब तोंडी होतो. आता तोच कॉलेजच्या लॅबमध्ये, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर, साध्या 'इंट' व्हेरिएबलमध्ये करून बघा. चार क्विंटलपर्यंत उत्तर बरोबर येतं. पाचव्याला पडद्यावर उमटतं उणे २४,९८६. एरर येत नाही, इशारा येत नाही. प्रोग्रॅम धडधडीत खोटं सांगतो आणि जर्नलवर सही होते.

कारण समजायला अवघड नाही. टर्बो सी बोरलँड कंपनीनं १९८७ साली बाजारात आणला. त्यात 'इंट'ला १६ बिट, म्हणजे दोन बाइट जागा मिळते. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळे आकडे बसतात. त्यातले निम्मे उणे बाजूला जातात, म्हणून अधिक बाजूची हद्द ३२,७६७ला संपते. चार क्विंटलचे पैसे या हद्दीच्या जेमतेम आत आहेत. पाचव्या क्विंटलला आकडा हद्द ओलांडतो आणि ६५,५३६ वजा होऊन उणे बाजूनं बाहेर पडतो. हाच प्रोग्रॅम आजच्या जीसीसी कंपायलरवर चालवला तर 'इंट'ला ३२ बिट मिळतात, हद्द २१४ कोटींवर जाते आणि उत्तर बिनचूक येतं.

प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा हा आहे. यंत्र आकडा कुठे ठेवतं, किती जागेत ठेवतं, जागा संपली की काय होतं. कापसाच्या एका हिशेबात हे सगळं पोराला कळतं आणि जन्मभर लक्षात राहतं. पण आपल्याकडच्या कित्येक लॅबमध्ये हा हिशेब कोणी करतच नाही. तिथे फिबोनाची, पॅलिन्ड्रोम, आर्मस्ट्राँग नंबर आणि बबल सॉर्ट पाठ होतात. सीनियरच्या जर्नलमधून ज्युनियरच्या जर्नलमध्ये उतरतात, एक्स्टर्नलसमोर जसेच्या तसे टाइप होतात. पोरं स्वतःच सांगतात, "प्रोग्रॅम त पाठ आहे जी, पण आकडे बदलले का काई उमजत नाई." ही कबुली पोरांची असली तरी दोष शिकवणाऱ्यांचा आहे.

टर्बो सी ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालतही नाही. त्याच्यासाठी डॉसबॉक्समधून जुनं डॉस उभं करावं लागतं. सी भाषेचं प्रमाण रूप १९८९ साली ठरलं, त्यानंतर अनेकदा सुधारलं. टर्बो सीच्या प्रोग्रॅममधली 'क्लिअरस्क्रीन'ची पहिली ओळ आणि शेवटचं 'गेटसीएच' त्या प्रमाण सी भाषेत कधीच नव्हतं. बडनेऱ्याहून गाडी पकडून पोरगी पुण्याला मुलाखतीला जाते, समोर लिनक्सचा संगणक येतो आणि तिचा तोंडपाठ प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडतो. तिला वाटतं, आपल्यालाच येत नाही. तिला चुकीच्या साधनावर शिकवलं, हे तिला कोण सांगणार?

पालकांसाठीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एमएस-सीआयटी उपयोगाची आहे, सरकारी नोकरीच्या अर्जाला लागते, टायपिंग आणि एक्सेल हाताखाली येतं. पण ते प्रोग्रॅमिंग नव्हे. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावून "पोरगं कम्प्युटर शिकलं" म्हणणं म्हणजे त्याचा रस्ता अर्ध्यावर थांबवणं आहे.

खरं प्रोग्रॅमिंग वऱ्हाडाला जमणार नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. 'लेट अस सी' या पुस्तकावर देशभरातल्या पिढ्यांनी सी भाषा गिरवली. त्याचे लेखक यशवंत कानेटकर आपल्या शेजारच्या नागपूरचे. मुंबई-बंगळुरूनं विदर्भातून सी शिकावं आणि अकोल्याच्या पोरानं मात्र जर्नल उतरवावं, हे मला सहन होत नाही.

नव्यानं शिकणाऱ्यानं पायथॉनपासून सुरुवात करावी. १९९१ साली गिडो व्हॅन रॉसम यांनी ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात पूर्णांकाला अशी हद्दच नाही, पाच क्विंटल काय, सगळ्या मार्केट यार्डाचा कापूस मांडा. आणि मराठी माध्यमातल्या पोरांनी हे जरूर करून बघावं: पायथॉन ३मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. 'भाव', 'वजन', 'ओलावा' अशी नावं खुशाल द्या. वापरणाऱ्यानं ८११० हे देवनागरी आकड्यांत टाइप केलं, तरी 'इंट' फंक्शन त्याची संख्या करून देतं.

मग हिशेब वाढवत न्या. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांत कपात होते, १२च्या वर कापूस घेत नाहीत. 'इफ-एल्स' शिकायला याहून चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात आहे? पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वेचणीची वजनं एकेक करून मिळवा, तिथे 'लूप' आला. वेचणीची मजुरी वजा करा, तिथे 'फंक्शन' आलं. बापानं वहीत मांडलेला हिशेब आणि आपल्या प्रोग्रॅमचं उत्तर जुळवून बघा. जुळलं नाही तर चूक शोधा. त्या शोधण्यातच खरं शिक्षण आहे. एररला घाबरू नका, तो ओळीचा क्रमांक सांगतो. आधी ती ओळ आणि तिच्या वरची ओळ नीट वाचा.

संगणक नसला तरी अडत नाही. गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतून, फुकट मिळतात.

अमरावती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना माझी मागणी एकच आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत निम्मे गुण जर्नलबाहेरच्या, त्याच दिवशी दिलेल्या प्रश्नाला ठेवा. पाच जिल्ह्यांतली पाठांतराची सवय त्यानंच मोडेल.

आणि पालकांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्याला दोनच प्रश्न विचारा. कुठल्या कंपायलरवर शिकवता? पहिल्या महिन्याअखेर माझं पोरगं न बघितलेला हिशेब स्वतः लिहील का? टर्बो सी असं उत्तर आलं, किंवा दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर पैसे खिशात ठेवा आणि दुसरा क्लास बघा.