इनचार्ज सिस्टर, तुमचं 'डास' चुकलं!

काय दिवस आलेत बघा. ज्यांच्या चपलेचा आवाज जिन्यात आला तरी फर्स्ट इयरच्या पोरींचे हात गार पडायचे, चादरीला एक सुरकुती दिसली की ज्या अख्खी चादर ओढून काढून "पुन्हा कर" म्हणायच्या, त्या इनचार्ज सिस्टर परवा चक्क एका बाकावर बसल्या होत्या. शेजारी कोण? जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाची पोरगी. अंबाड्याला जाळी नीट बसवता येत नाही अजून, आणि ती सगळ्यांदेखत म्हणते, "इनचार्ज सिस्टर, तुमचं 'डास' चुकलं. तिथे 'डेर' येतं."

बाईंनी काय केलं असेल? झापलं? मेमो दिला? ट्यूटरकडे पाठवलं? छे हो! खोडरबर घेतलं आणि खोडलं. वर "थँक्यू हं" म्हणाल्या. जिनं मला हे सांगितलं, तिचा आवाज कापत होता.

जर्मन, मंडळी, जर्मन! सगळी त्याची करणी. पुण्यात, मिरजेत, नाशकात, जिथे दोन मोठी हॉस्पिटलं आणि एक नर्सिंग कॉलेज आहे तिथे खाली झेरॉक्स, वर ब्यूटी पार्लर आणि मधल्या मजल्यावर जर्मनचा क्लास असायलाच पाहिजे असा जणू नगरपालिकेचा नियम झालाय. ज्यांना जाता येत नाही त्या फोनवर शिकतात. नाईटला पेशंट झोपले की एका कानात इअरफोन, दुसरा कान मॉनिटरकडे. ब्रदर मंडळीही मागे नाहीत. एक ब्रदर तर म्हणे ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर क्रियापदं चालवत असतो.

आग कुणी लावली म्हणाल, तर सरकारनं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नाव नुसतं उच्चारेपर्यंत अर्धा कोर्स होतो. सुरुवातीला प्रायोगिक म्हणून 10,000 माणसं पाठवायची, त्यात परिचारिकांपासून गवंडी-ड्रायव्हरपर्यंत सगळे. झालं! त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. आता गंमत अशी की मुंबई आणि श्टुटगार्ट या 1968 पासूनच्या भगिनी, रीतसर कागदावरच्या. इतकी वर्षं या नात्याची आठवण कुणाला होती? आणि आज वॉर्डातली प्रत्येक सिस्टर त्या सिस्टरकडे निघालीय. अर्थात आपण उशिराच. केरळच्या मुली 1960 च्या दशकातच चर्चच्या ओळखीनं पश्चिम जर्मनीला जाऊन नर्सिंग करत होत्या, आणि 2021 च्या डिसेंबरात त्यांच्या राज्याच्या नोर्का संस्थेनं जर्मनीशी 'ट्रिपल विन'चा करारही करून टाकला. आपण नेहमीप्रमाणे पंगत उठताना पानं मांडायला आलो.

बरं, शिकायचं तर घरी शिकावं ना? नाही. एका वॉर्डात या पोरींनी वस्तूंवर रंगीत चिकट कागद लावले. निळा पुल्लिंगाचा, लाल स्त्रीलिंगाचा, हिरवा नपुंसकलिंगाचा. सुई लाल, सिरिंज लाल, पलंग हिरवा, थर्मामीटर हिरवा, सलाईनची बाटली लाल. मेट्रन राउंडला आल्या आणि त्यांनी विचारलं, "हे काय बायोमेडिकल वेस्टचं नवीन सर्क्युलर?" इनचार्ज सिस्टर गप्प. कारण हिरवे कागद त्यांच्याच हस्ताक्षरात होते! सहा नंबरच्या खाटेवरचे काका मात्र दोन दिवस "डास, डास" ऐकून हैराण. शेवटी त्यांनी मुलाकडून घरची मच्छरदाणी मागवली. आणि या जर्मनांची अक्कल बघा, त्यांच्या भाषेत मुलगी नपुंसकलिंगी! थर्मामीटरच्या रांगेत! पोरी भयंकर चिडल्या. मग एकीला आठवलं की आपणही "ते पोरगं कुठे गेलं" म्हणतोच, तेव्हा कुठे शांत झाल्या.

खरा अनर्थ पुढेच आहे. क्लासचा मास्तर म्हणजे पंचविशीतला पोरगा, मिशी आत्ता कुठे धरायला लागलीय. तो सगळ्यांना नावानं हाक मारतो आणि 'डू' म्हणतो. म्हणजे अगं-तुगं! 'झी' हे मानाचं, ते पेशंटसाठी राखून ठेवायचं. संवादाच्या सरावात फर्स्ट इयरच्या मुलीला इनचार्ज सिस्टरांना पहिल्या नावानं हाक मारावी लागली. बिचारीच्या तोंडून नाव फुटेना. तीनदा "सिस्टर" म्हणाली, चौथ्यांदा डोळे मिटून नाव घेतलं, उखाण्यात घेतात तसं. दुसऱ्या दिवशी मॉर्निंग ड्युटीला तीच पोरगी त्याच बाईंसमोर भिंतीला पाठ लावून उभी. आता सांगा, हे वागणं सकाळचं खरं की संध्याकाळचं?

पण सगळा वरचष्मा पोरींचाच आहे असं नाही हं. आकड्यांपाशी त्यांची गाडी रुतली. जर्मनमध्ये सदतीस म्हणताना आधी सात येतात आणि मग तीस. शहाऐंशी म्हणताना आधी सहा, मग ऐंशी. इंग्रजी माध्यमातल्या या पोरी, मराठीतलं 'सदुसष्ट' म्हटलं तरी "म्हणजे सिक्स्टी सेव्हन ना?" विचारणाऱ्या. मास्तरनं 134/86 बीपी ऐकवलं की या 143/68 लिहून मोकळ्या. पेशंट असता तर गेला असता कामातून. आणि इनचार्ज सिस्टर? जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे घोकलेल्या! त्यांना एकदाही अडखळायला झालं नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकायची जर्मनांची खोड, तीही त्यांना घरचीच वाटली. "त्यात काय शिकायचंय, आपण असंच बोलतो की," म्हणाल्या. पोरी तोंडात बोटं घालून बघत बसल्या.

तिथून सुरू झाला व्यवहार. चोरटा, क्लासच्या मधल्या सुट्टीतला. बाई विचारतात, "हे चौथीचं प्रत्यय-प्रकरण मला सांग." पोरगी सांगते. मग पोरगी आपला हात पुढे करते आणि म्हणते, "सिस्टर, मला शीर मिळत नाही." बाई तिथेच, चहाच्या टपरीवर, तिच्या कोपराला रुमाल आवळून दाखवतात. डोळ्यांनी शोधू नकोस, बोटानं शोध. टणक लागते ती सोड, दाबल्यावर उसळते ती धर. म्हाताऱ्या पेशंटची शीर सरकते, म्हणून आधी खालून कातडी ताणायची आणि मगच सुई. दुसरी एक पोरगी वहीत मांडते: 500 मिली चार तासांत, मिलीला 20 थेंब, 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. बाई म्हणतात, गणित बरोबर. आता पेशंट हात दुमडून कुशीवर वळला, तुझे 42 गेले कुठे? दर राउंडला घड्याळ धरून मोज, रोलर एकदा फिरवला म्हणजे काम झालं असं नाही.

टपरीवाल्याला वाटलं रक्तदान शिबिर आहे.

आता मला सांगा, हे सगळं वॉर्डात, ड्युटीवर, फुकटात व्हायला काय हरकत होती? त्याच बाई, तीच पोरगी, तीच शीर. पण तिथे एक खुर्चीवर आणि दुसरी भिंतीला. विचारणाऱ्या पोरीला "कॉलेजात काय शिकवतात तुम्हाला?" हे एकच उत्तर ठरलेलं. ते बदलायला श्टुटगार्टच्या म्हाताऱ्यांना आजारी पडावं लागलं! लाज वाटायला हवी की नाही? मला तरी वाटली, आणि मी तर नर्ससुद्धा नाही.

काहींना जर्मन झेपत नाही, त्या इंग्लंडच्या वाटेला लागतात. त्यांची परीक्षा ओईटी. त्यात बोलण्याची चाचणी म्हणजे दोन छोटी नाटकं, पाच-पाच मिनिटांची. परीक्षेतला माणूस पेशंट होतो आणि तुम्ही त्याचं ऐकून घ्यायचं, मध्ये तोडायचं नाही, घाबरलाय हे ओळखायचं, समजलं का ते विचारायचं. त्याचे वेगळे मार्क! या सरावापायी एका हॉस्पिटलात केवढा गोंधळ झाला. रोज "हात सरळ! हलू नका!" म्हणणाऱ्या सिस्टर एका सकाळी खाटेजवळ स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला काळजी वाटणं साहजिक आहे. मी इंजेक्शन देण्याआधी तुम्हाला काही विचारायचंय का?" आजोबांचा चेहरा पांढरा. त्यांनी हळूच मुलीला बोलावलं, "डॉक्टरांनी काही लपवलंय का गं?" मुलीनं पुण्याच्या भावाला फोन केला, भाऊ तातडीनं निघाला. हर्नियाचं ऑपरेशन होतं हो! सुखरूप घरी गेले, पण मृत्युपत्र करून.

कळस अजून बाकी आहे. जर्मनची बी-वन पातळी झाली, व्हिसाची स्वप्नं पडायला लागली आणि मास्तरनं एक दिवस तिथल्या वॉर्डाचं वर्णन वाचायला दिलं. तिकडे म्हणे पेशंटला आंघोळ घालणं, दात घासणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे नर्सचंच काम. मावशी नाहीत, मामा नाहीत, डबा घेऊन बसलेले नातेवाईक नाहीत. उलट सलाईनची सुई टोचणं हे बऱ्याच ठिकाणी डॉक्टरचं! वर्गात सन्नाटा. चार वर्षं बीएस्सी, एवढी भाषा, एवढे शिक्के, आणि विमानात बसून आजोबांची दाढी? एक ताडकन म्हणाली, "मी हे करणार नाही." इनचार्ज सिस्टरांनी विचारलं, "फर्स्ट इयरला स्पंज बाथ शिकवला होता ना?" हो, शिकवला होता. "वॉर्डात किती वेळा दिलास?" पोरगी खाली बघायला लागली. मग बाईंनी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं, "मी तरी शेवटचा कधी दिला?" हे माझ्या बातमीदारानं शप्पथ घेऊन सांगितलंय, पदरचं काही नाही.

त्यानंतर रविवारी स्किल लॅबमध्ये म्हणे पुतळ्याला आंघोळ घालतात. बाई पाणी, टॉवेल, कोणता भाग आधी, कोणता झाकून ठेवायचा ते दाखवतात आणि पोरी त्यावर जर्मन संवाद बसवतात. "इश वाशे येट्स्ट ईरेन लिंकेन आर्म," म्हणजे मी आता आपला डावा हात धुते. पुतळ्याला 'आपला'! सख्ख्या सासऱ्याला कुणी इतक्या अदबीनं बोललं नसेल. हा नुसता नखरा नाही म्हणतात, कारण पुढे त्यांची पदवी जर्मन शिक्षणाशी ताडून बघतात आणि कमी निघालं तर एक परीक्षा द्यायची किंवा तिथे काही महिने उमेदवारी करायची, तेव्हाच पक्की नर्स म्हणून मान्यता. शिवाय बी-टू पाहिजे. पाळी बदलताना ओव्हर द्यायची ती जर्मनमध्ये, आणि "नऊ नंबरचं बघून घे गं" एवढ्यावर तिथे भागत नाही.

भाषेच्या परीक्षेत चार भाग, पास व्हायला प्रत्येकात 60 टक्के. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. पोरी वाचनात सुटतात, बोलण्यात लाजून लटकतात. इनचार्ज सिस्टर बोलण्यात पहिल्या फटक्यात पास. पंधरा वर्षं मामांकडून वेळेवर ऑक्सिजन सिलिंडर आणवणाऱ्या बाईला कुठली भाषा अडवणार? पण ऐकण्यात दोनदा गचकल्या. स्टाफ रूममध्ये त्यावर जे हसं झालं ते मी लिहीत नाही, इतकंच सांगते की पहिली हसली ती आणखी कुणी नाही, त्या स्वतःच.

एजंट लोकांचं वेगळंच. कायद्यानं परदेशी नोकरी लावून देणाऱ्यानं उमेदवाराकडून घ्यायची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी. तुमच्या गल्लीतला तो गॉगलवाला किती मागतो ते विचारून बघा. आणि त्याला स्वतःला 'गूटेन मॉर्गन'च्या पुढे काय येतं तेही विचारा.

ताजी बातमी सांगते आणि उठते. इनचार्ज सिस्टरांचे मिस्टर पतसंस्थेत आहेत. तिकडे गेल्यावर भाजी कोण आणणार म्हणून त्यांनाही ए-वनला घातलंय. रोज रात्री बाई त्यांची वही तपासतात. ओळ सरळ नसेल तर पान फाडतात आणि म्हणतात, "पुन्हा करा." ते अजून तिसऱ्या धड्यात घुटमळतायत. सासूबाईंचं मात्र पलंगावर बसून, माळ ओढता ओढता, ऐकून ऐकूनच शंभरपर्यंत झालंय. परवा दूधवाल्याला महिन्याचा हिशोब त्यांनी जर्मनमध्ये सांगितला, आणि त्यातही दोन लिटर कापून घेतले.