वाशीममध्ये घरबसल्या बिटकॉइन: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

आधी खोली ठरवा. कास्तकाराच्या घरात कुणी बसत नाही अशी खोली एकच, सोयाबीनची पोती ठेवलेली. पोती हलवू नका, भाव यायचा आहे. कोपऱ्यात टेबल मावतं का तेवढं बघा.

मग सामान आणा: सहा ग्राफिक्स कार्डं, ती जोडायला रायझर, उघडी फ्रेम आणि ‘80 प्लस गोल्ड’चा एसएमपीएस. साधा घेऊ नका, तो बरीच वीज नुसती तापण्यात घालवतो. गोल्ड दहा टक्क्यांच्या आसपासच घालवतो. बाकीच्या नव्वदांवर कार्डं तापतात. थोडक्यात, हजार वॅट आत, हजार वॅटची धग बाहेर. तरी 200 वॅटचं कार्ड सॉफ्टवेअरमधून 130 वर बांधून ठेवा. ज्या कॉइनचं गणित मेमरीच्या वेगावर चालतं, त्यात कमाई फारशी घटत नाही. मार्गदर्शिकेतला खरोखर उपयोगी सल्ला एवढाच.

मे महिन्यात पारा 44 ला टेकला की समोर कूलर लावावासा वाटेल. वाळ्याच्या ताटीची ओली हवा आणि आपल्याकडची धूळ मिळून कार्डावर चिखल बसतो, तेव्हा कूलर घरच्यांकडेच राहू द्या. ऑक्टोबरात गावात मळणीयंत्रं फिरू लागली की पंख्यांवर कुटाराचा पिवळट थर धरतो. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरा, मोकळं गरगरलं तर बेअरिंग जातं. लाइन गेली तर इन्व्हर्टरकडे बघू नका. घरातल्या साध्या इन्व्हर्टरला हा भार पेलत नाही.

हिशेब सोपा आहे. हजार वॅट चोवीस तास, म्हणजे दिवसाला 24 युनिट, महिन्याला 720. युनिटमागे दहा रुपये धरले तरी 7,200. महावितरणच्या वरच्या स्लॅबचा दर याहून चढाच.

यात बिटकॉइन कुठे, हे विचारलंत ते बरं केलंत. बिटकॉइनसाठी केव्हापासूनच वेगळी एसिक यंत्रं लागतात. कार्डवाल्यांचा आधार होता इथेरियमचा, तोही 15 सप्टेंबर 2022 ला सुटला. आता किरकोळ कॉइन खणा. नफा झालाच तर 30 टक्के कर भरा. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमात वीजबिलाची वजावट नाही.

‘यंत्राची कटकट कशाला, पैसे द्या, आम्ही खणतो’ म्हणणारेही भेटतील. ‘गेनबिटकॉइन’वाले दरमहा 10 टक्के, 18 महिने देणार होते. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी त्यांच्या म्होरक्याला अटक केली.

शेवटची पायरी, कार्डं विकणे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एखादा पोरगा रिसोडला किंवा कारंज्याला सापडेल. “काका, मायनिंगचं तर नाही ना?” असं तो विचारेलच. त्याला सांगा, यावर फक्त कीर्तनं बघितली.