अण्णांची गरी

युक्तीवाला माणूस प्रत्येक गावात एक तरी असतोच. कुठलीही गोष्ट सरळ लक्षात ठेवणं त्याला कमीपणाचं वाटतं. 30 आणि 31 दिवसांचे महिने तो मुठीच्या हाडांवर मोजतो, आभाळात इंद्रधनुष्य दिसलं की आधी 'तानापिहिनिपाजा' म्हणतो आणि मग वर बघतो. बायकोने मिरच्या, आलं, लिंबं सांगितली तर 'मिआलिं' असा मंत्र करून बाजारात जातो, मंत्र तोंडात ठेवून रिकाम्या पिशवीने परत येतो.

मांडवीचे अण्णा या पंथातले. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त. 'कंचेभागुबेव' त्यांनी बापांना शिकवलं आणि मुलांनाही. पण मुलगा तोक्योच्या एदोगावा भागात स्थायिक झाला, तिथे नातू शाळेत जाऊ लागला आणि अण्णांनी जपानी शिकायचं जाहीर केलं. "आपला योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये त्याच एदोगावात निवडून आला. तो जपान्यांची मतं मिळवतो, मला हिरागानाची 46 अक्षरं जड आहेत काय?"

जड नव्हतीच. जपानी वर्णमालेचा क्रम बघितलात तर आपल्या घरची माणसं भेटल्यासारखं वाटतं: आ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. संस्कृत वर्णमालेचा हा वारसा बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचला. ह तेवढा मध्येच दिसतो, कारण तो बसलाय प च्या जागेवर. फार जुन्या जपानीत त्याचा उच्चारच प होता म्हणतात. म्हणजे बाराखडी आलेल्या माणसाला क्रम पाठ करायची गरजच नाही. अण्णांनी तरीही वाक्य केलं: 'काल सकाळी तात्या नारळ हलवताना मध्येच येऊन रडले वाटतं.' कोण तात्या, नारळ का हलवत होते, हे विचारायची सोय नाही.

मग आकारांची पाळी आली. सकाळी अण्णा जेटीजवळ काळ्या वाळूत काठीने अक्षरं काढू लागले. 'शि' खाली येऊन वर वळतो, म्हणजे गरी. मासा लागला की पोरं शिट्टी मारतात, म्हणून शि. त्याच गरीला दोन आडव्या रेघा मारल्या की 'मो', म्हणजे मोठी गरी. 'त्सु' ही आडवी लाट, त्सुनामीतली. 'कु' ही कोंबड्याची चोच, कुकूचकू. 'हे' म्हणजे रत्नदुर्गाचा चढ. चढताना तोंडातून आपोआप निघतं ते. 'रु' आणि 'रो' जुळे भाऊ, पण रु च्या तळाशी वेढा, त्यात रुपया. रो चा रुपया हरवलाय, म्हणून तो हिंदीत रो रहा है.

त्यांची सर्वोत्तम निर्मिती 'मे' आणि 'नु'. दोन्ही सारखेच, फक्त नु ला शेवटी एक गाठ जास्त. "मे म्हणजे मे महिन्यातला हापूस. गाठ म्हणजे देठ. देठासकट आहे, म्हणजे नुकताच उतरवलेला. म्हणून नु!" यावर जेटीवरच्या आंबेवाल्यांनीही मान डोलावली, कारण देठ मोडला की चीक फळावर येतो आणि भाव उतरतो, हे त्यांना कुणी युक्तीने शिकवलेलं नव्हतं.

महिन्याभरात जेटीवर गरवायला येणाऱ्या पोरांना अर्धी हिरागाना आली. अण्णांना युक्त्या आल्या. आम्ही एकदा म्हटलं, मुरासाकी शिकिबु नावाच्या बाईंनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला याच लिपीत 54 प्रकरणांची 'गेन्जी मोनोगातारी' लिहिली, ती काय गरी आणि कोंबडे आठवत? अण्णा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच इतकी लांबली."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारची जपानीची परीक्षा द्यायला ते पुण्याला जाऊन आले. सर्वांत खालची पातळी, पास व्हायला 180 पैकी किमान 80 गुण हवेत. पेपर कसा गेला विचारल्यावर म्हणाले, "आंब्यापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात घंटा झाली."

परवा नातवाने व्हिडिओ कॉलवर कार्ड धरलं. दोन अक्षरं होती. अण्णा पुटपुटू लागले, "इकडे एक रेघ, तिकडे एक रेघ, म्हणून इ... हा आंबा... देठ आहे... नुकताच... नु. इनु! कुत्रा!" तोवर नातू दूध पिऊन परत आला होता.

"आता माझी पाळी," तो म्हणाला. आई त्याला मराठी शिकवते. "आजोबा, हा क कसा लक्षात ठेवायचा?"

"सोप्पं! क कमळाचा."

नातवाने कागद उलटसुलट केला, आईलाही दाखवला. "पण हे कमळासारखं दिसत नाही."

अण्णांनी आयुष्यात प्रथमच क कडे नीट बघितलं. कमळ कुठेच नव्हतं.

तेव्हापासून काळ्या वाळूतली हिरागाना पुसली गेली आहे. तिथे आता सकाळी एकच भलामोठा क असतो आणि अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारतात, हे कशासारखं दिसतं. गरी टाकून बसलेला एक पोरगा मागे न बघताच म्हणाला, "कशासारखं काय अण्णा, क सारखं!"

"अरे, पण असं," अण्णा कळवळून म्हणाले, "लक्षात कसं राहील?"