तारप्याच्या नाचात बटण कुठलं?

तारप्याच्या नाचात सतरा माणसं आहेत. त्यांतला 'अर्ज करा' कोण, ते ओळखा. वेळ दहा मिनिटं, कारण त्यानंतर सत्र संपतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हे रविवारच्या पुरवणीतलं कोडं नाही. एका खात्याच्या नव्याकोऱ्या संकेतस्थळाचं पहिलं पान आहे. खातं कुठलं ते विचारू नका, कारण खात्याचं नावसुद्धा तिथे अक्षरांत नाही, चित्रात आहे. पान म्हणजे एक वारली चित्र: मधोमध तारपावाला, भोवती फेर, आणि फेरातला प्रत्येक नाचणारा म्हणजे एकेक सेवा. तिसरा नाचणारा 'अर्जाची स्थिती'. सहावा 'तक्रार नोंदवा'. नववी बाई 'लॉगिन'. आकृतीवर माऊस नेला की ती कंबर हलवते आणि तिच्या डोक्यावर सेवेचं नाव उमटतं. माऊस काढला की नाव गेलं. फोनला माऊस नसतो, ही बातमी संकेतस्थळ रंगवणाऱ्याच्या शहरात अजून पोचायची आहे. कोसबाडच्या टेकडीवर मात्र ती केव्हाच पोचली. आशागडपासून तलासरीपर्यंत पाड्यापाड्यावर फोन आहे, संगणक झेरॉक्सच्या दुकानात.

फोनवर काय होतं? सतराच्या सतरा माणसं बोटभर रुंदीत नाचतात. चिकू काढून काढून राठ झालेलं बोट ठेवलं की एका वेळी तिघांच्या डोक्यावर पडतं. अर्ज करायला जावं तर तक्रार उघडते, तक्रार करायला जावं तर छायाचित्र दालन. छायाचित्र दालन मात्र पहिल्या फटक्यात उघडतं, हे नमूद करायला हवं. त्यात लोकार्पण सोहळ्याचे फोटो आहेत.

त्या फोटोंतला एक मी बराच वेळ बघत बसलो. मंचावर झेंडूच्या माळा लावलेलं एक स्टँड, स्टँडवर ताटाएवढं लाल बटण, त्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत 'शुभारंभ'. मान्यवरांच्या कमरेच्या उंचीला, वाकावं लागू नये असं. बटण कुठे आहे ते दाखवायला एक अधिकारी डावीकडे, हात तिथवर पोचतोय ना हे बघायला दुसरा उजवीकडे. दाबल्यावर दिवा लागतो आणि शंख वाजतो, म्हणजे दाबलं गेलं हे दाबणाऱ्याला लगेच कळतं. सुलभतेच्या जागतिक निकषांत बटणाबद्दल जे जे सांगितलं आहे ते सगळं या एका बटणाने पाळलं होतं: ठळक दिसणं, हाताला येणं, आपण काय करतो ते अक्षरांत सांगणं, केल्याची पोच देणं. या सगळ्या प्रकल्पातलं हे एकमेव धड बटण. आणि दिवा-शंखाखेरीज ते कशालाही जोडलेलं नव्हतं. वायर स्टँडच्या मागे गुंडाळून ठेवलेली फोटोत स्पष्ट दिसते. संकेतस्थळ आदल्या रात्रीपासून सुरू होतं.

आता फेराकडे परत जाऊ. आमच्या टेकडीखाली एक निवृत्त गुरुजी राहतात. काचबिंदूने दृष्टी गेली, पण फोन सराईतपणे वापरतात. फोनमधल्या टॉकबॅकची बाई पडद्यावर बोटाखाली काय आहे ते मराठीत वाचून दाखवते. नीट बांधलेल्या पानावर ती म्हणते, "अर्ज करा, बटण," आणि गुरुजी दोनदा टकटक करून पुढे जातात. या पानावर ती म्हणाली, "ग्राफिक. वारली अंडरस्कोर डान्सर अंडरस्कोर फायनल." पुढे सरकावं तर, "ग्राफिक. वारली अंडरस्कोर डान्सर अंडरस्कोर फायनल दोन." मग, "फायनल दोन कॉपी." असा अख्खा फेर तिने म्हणून दाखवला. गुरुजींनी आयुष्यभर हजेरी घेतली, पण सगळ्या मुलांचं नाव 'फायनल' असलेला वर्ग त्यांना पहिल्यांदाच भेटला. चित्रामागे तीन शब्दांचं वर्णन लिहिलं असतं, 'नवीन अर्ज करा' एवढंच, तरी भागलं असतं. ती जागा चित्राच्या टॅगमध्ये असतेच. ती रिकामी ठेवायला कुणाला मेहनत घ्यावी लागत नाही, हेच तिचं दुर्दैव.

बरं, हे वारलीचं कौतुक आमच्याच वाट्याला का? उत्तर ठरलेलं आहे: 'स्थानिक संस्कृतीचं प्रतिबिंब'. डहाणू म्हटलं की चिकू आणि वारली, आणि चिकूला क्लिक करता येत नाही, म्हणून वारली. स्टेशनच्या भिंतीवर वारली, उड्डाणपुलाच्या खांबावर वारली, सार्वजनिक शौचालयाच्या दोन्ही दारांवर वारली, आणि तिथेही कुठल्या दारावरचा त्रिकोण बाई आहे आणि कुठल्या दारावरचा पुरुष, हे घाईच्या वेळी ओळखायचं आपण. कचेरीच्या कुंपणावर वारली, कचेरीतल्या मगवर वारली, साहेबांना निरोप म्हणून दिलेल्या चौकटीत वारली, आणि त्या चौकटीच्या मागच्या खोलीत जातीच्या दाखल्यासाठी सकाळपासून उभा असलेला खराखुरा वारली, ज्याला कुणी बस म्हणत नाही. असंच चालू राहिलं तर पुढच्या वर्षी ओटीपीसुद्धा आकड्यांत येणार नाही, चार नाचणारे येतील, कुणाचा हात कुठे आहे ते बघून आकडा काढा. आपण यंत्र नाही हे सिद्ध करायला, ज्या ज्या चौकोनात तारपा आहे ते निवडा, म्हणून सांगतील. आमच्या पाड्यावरची पोरं ते अचूक निवडतील आणि नापास होतील, कारण उत्तरपत्रिका ज्याने केली त्याने तारपा समजून दुधी भोपळ्यावर खूण केलेली असेल. तारपा दुधी भोपळ्याचाच करतात हा त्याच्या बाजूने मुद्दा आहे, मान्य. पण मग भोपळ्याची भाजी करणाऱ्या प्रत्येक बाईला लॉगिन द्यावं लागेल.

आणि एवढं प्रेम असेल तर निदान भिंत तरी नीट बघायची. कुडाची भिंत शेणामातीने सारवतात, गेरू देतात, तांदळाच्या पिठात पाणी घालून बांबूच्या काडीने पांढरं काढतात. तांबड्यावर पांढरं. घरात दिवा मिणमिणता असला तरी चौक दिसतो. वेबचे निकष सांगतात की अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढं अंतर हवं. गडद गेरू आणि तांदळाचा पांढरा ही जोडी हे अंतर हसत हसत ओलांडते, कुठलाही निकष जन्माला येण्याच्या आधीपासून. आमच्या डिझायनरला तो तांबडा 'फार लाऊड' वाटला. म्हणून त्याने बिस्किटी रंगावर सायीच्या रंगाची माणसं काढली आणि त्यांच्या डोक्यावर राखाडी अक्षरं टाकली. याला 'सटल' म्हणतात. भरदुपारी बोर्डीच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत हे पान उघडलं तर फोन बंद पडला असं वाटतं.

आता थोडं तांत्रिक बोलतो, सहन करा, कारण चीड इथलीच आहे. वेबवर दोन साध्या गोष्टी आहेत. लिंक दुसरीकडे नेते, बटण काहीतरी करतं. लिंक वेबच्या जन्मापासून आहे. १९९३ च्या मोझॅक ब्राउझरने ती निळी आणि अधोरेखित दाखवली, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही माणसाला निळी अधोरेखित अक्षरं म्हणजे काय ते शिकवावं लागलं नाही. बटणाचा स्वतंत्र टॅग डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून आहे. तो वापरला की सगळं फुकट मिळतं: कळफलकावरच्या टॅबने तिथवर जाता येतं, एंटर किंवा स्पेसने दाबता येतं, आणि वाचून दाखवणारी बाई न सांगता 'बटण' म्हणते. एवढी तयार वस्तू हाताशी असताना आमचे लोक काय करतात? 'डिव्ह' नावाची एक निनावी पेटी घेतात, तिला बटणासारखी रंगवतात आणि क्लिक केल्यावर काय व्हावं ते वेगळं लिहितात. भिंतीवर दार रंगवून त्याला कडी काढावी, तसलं हे काम. डोळसाला दार दिसतं, हात लावणाऱ्याला भिंत लागते. टॅब दाबत जाणाऱ्याला आपण कुठे आहोत ते दाखवणारी एक चौकट ब्राउझर स्वतःहून काढतो. ती 'डिझाइन बिघडवते' म्हणून घालवायला एक ओळ लागते, आणि ती ओळ लिहायला मात्र कुणी विसरत नाही. लिंक निळी ठेवली तर गावंढळ दिसतं म्हणे. गावासाठीच आहे ना?

फेरातला योग्य नाचणारा सापडून तुम्ही आत गेलातच, तर आत नाच नाही. आत सगळं शहरी आहे. तळाशी शेजारी शेजारी दोन पेट्या, दोन्ही बिस्किटी, दोन्ही गोल कोपऱ्यांच्या. एक 'रद्द करा', दुसरी 'पष्टी करा'. पष्टी ही वारली बोलीतली काही रीत असावी असं मला आधी वाटलं. ती 'पुष्टी करा' होती. पेटीची उंची इंग्रजी अक्षरं मोजून पक्की केलेली, त्यामुळे खालचा उकार कडेला कापला गेला. मराठीला खाली उकार असतात, वर वेलांट्या आणि रफार असतात, हे मराठी राज्यातल्या मराठी अर्जाच्या मराठी बटणाला कुणी सांगितलं नव्हतं. वर 'सर्व बरोबर आहे' मधला रफार गेल्यामुळे 'सव बरोबर आहे' झालंय. खरं म्हणजे तेवढंच बरोबर नाही.

कुणी म्हणेल, दिव्यांगांसाठी काही केलंच नाही का? केलंय की. पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक चाकाची खुर्ची आहे, मुंगीच्या डोक्याएवढी. ती दिसण्याइतकी नजर ज्याची आहे, त्याच्यासाठी तिच्या आत अक्षरं मोठी करण्याची सोय आहे. मोठी केली की नाचणाऱ्याच्या डोक्यावरचं नाव शेजारच्यावर चढतं. बाजूला 'स्क्रीन रीडर' अशी एक लिंक आहे, ती उघडली की स्क्रीन रीडरची नावं असलेला तक्ता येतो, तोही चित्र म्हणून. निकष नाहीत असं नाही. वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष पहिल्यांदा १९९९ मध्ये आले. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत तर बोट ठेवायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी, नाहीतर शेजाऱ्यापासून तेवढं अंतर तरी हवं, इथपर्यंत लिहिलंय. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सगळं छापलेलं आहे. निविदेत 'सर्व निकषांचं पालन' अशी ओळ असते, ठेकेदार तिच्यापुढे 'होय' लिहितो, तपासणारा 'होय' वाचतो, बिल निघतं. या दोघांतल्या एकानेही डोळे मिटून, फोन हातात घेऊन, स्वतःचा एक अर्ज भरून बघितलेला नसतो. एकदा बसवा त्यांना. बिल काढायचं बटण फेरातल्या अकराव्या नाचणाऱ्याच्या डाव्या पायात ठेवा आणि डोळ्यांवर पट्टी बांधा. सुलभता आठ दिवसांत येईल.

ते होईपर्यंत गुरुजींचं काय होतं ते सांगतो. अर्ज कसला होता? दिव्यांग सवलतीचा. दोन दिवस फेराभोवती बोट फिरवून ते शेवटी पुतण्याच्या मोटरसायकलवर बसून झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या पोराला आधार क्रमांक मोठ्याने सांगितला, दुकानात आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकला. बँकेच्या खात्याचा क्रमांक सांगितला. फोन त्याच्या हातात दिला, ओटीपी त्यानेच वाचला, त्यानेच टाकला. पासवर्ड त्यानेच ठरवला आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतला, कारण पुन्हा लागेल. पोरगा सज्जन आहे म्हणून ठीक. पण ज्या माणसाने अर्धा तालुका साक्षर केला, त्याला स्वतःची सही कुठे होतेय ते दुसऱ्याच्या सज्जनपणावर सोडावं लागतं, आणि हे कुणाला लाजेचं वाटत नाही. संकेतस्थळाला मात्र सादरीकरणात 'युजर फ्रेंडली' म्हणून टाळ्या पडतात.

"झालं का?" गुरुजींनी विचारलं.

"एक टिक राहिली."

"कसली? वाच."

पोराने वाचलं, "मी हा अर्ज स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय भरला असून त्यातील माहिती खरी आहे."

"अरे, मग ते खोटं झालं. ती टिक नको करूस."

"गुरुजी, ती केल्याशिवाय पुढचं बटणच उमटत नाही."